प्रकाशाच्या तारा आणि लेव थेरेमिन

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तयारीला लागलो तेव्हा लेव थेरेमिन हे नाव मी ऐकलेही नव्हते. आमच्या डोक्यात होती ती प्रकाशाची वीणा. लाकडी चौकट, तिच्या वरच्या पट्टीतून खाली सोडलेले सात किरण, आणि एकेक किरण हाताने अडवला की एकेक स्वर वाजायचा, असा बेत. १९८१ साली बर्नार शाइनेर नावाच्या फ्रेंच कलावंताने असे वाद्य केले. त्याच वर्षी झाँ-मिशेल झार याने ते चीनमधल्या आपल्या मैफलींत वाजवले. आम्ही त्याची चित्रफीत पाहिली आणि पेटलो. घरी सांगितले तेव्हा वडिलांना लेझरच्या जागी लेझीम ऐकू आले. लेझीम खेळायला वीज कशाला लागते, ही त्यांची शंका दूर करण्यात अर्धी संध्याकाळ गेली.

मंडळाने मंजूर केलेले दीड हजार रुपये घेऊन आम्ही तिघी-चौघे पैठण गेटकडच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने काचेवर तीन वस्तू मांडल्या. पहिली, किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तसले तांबड्या प्रकाशाचे पॉइंटर. दुसरी, करंगळीच्या पेराएवढी पितळी नळी, मागे दोन वायरी लोंबणारी. प्रकाश तोच, तांबडा. तिसरी, जाडजूड टॉर्चसारखा हिरवा लेझर. या तिसऱ्याच्या एका नगाच्या किमतीत पितळी नळ्या पंधरा-वीस आल्या असत्या. दुकानदाराचा सारा जोर अर्थातच हिरव्यावर. आमच्यातल्या दोघींचाही. तो दुकानातल्या उजेडातसुद्धा झगमगत होता, आणि तांबडा त्याच्यापुढे अगदी गरीब दिसत होता.

निर्णय न घेताच आम्ही परतलो. आमच्या गल्लीत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक सर राहतात. त्यांच्यापुढे वाद नेला. त्यांनी कोणता लेझर घ्या हे सांगितलेच नाही. विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा धंदा ज्याने सुरू केला त्या माणसाचे चरित्र आधी वाचा, किरणाचे मग बघू, असे म्हणून त्यांनी एक इंग्रजी पुस्तक हातात ठेवले. मी इतिहासाची विद्यार्थिनी. वाचायचे काम माझ्याकडे आले. ते वाचता वाचता लेझरचा प्रश्न सुटला, पण दुसरेच काही डोक्यात शिरून बसले. म्हणून हा लेख.

लेव सर्गेयेविच तेरमेन याचा जन्म २७ ऑगस्ट १८९६ रोजी रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. घराण्याचे मूळ फ्रेंच, म्हणून पुढे पश्चिमेत तो थेरेमिन झाला. लहानपणापासून दोन नाद: एक विजेचा, दुसरा चेलो या वाद्याचा. चेलो म्हणजे खुर्चीवर बसून गजाने वाजवायचे मोठे तंतुवाद्य. त्याने संगीत विद्यालयात चेलो शिकला आणि विद्यापीठात पदार्थविज्ञान व खगोलशास्त्र. आपल्याकडे अकरावीलाच शाखा निवडावी लागते, आणि कलाशाखेच्या मुलीने तारा जोडायला घेतल्या की लोक विचित्र पाहतात. म्हणून हे मला फार बरे वाटले.

पहिल्या महायुद्धात तो लष्करात बिनतारी यंत्रणेवर होता. क्रांतीनंतर पेत्रोग्राडच्या संशोधनसंस्थेत प्राध्यापक इयोफे यांच्या हाताखाली लागला. काम होते वायूंचे विद्युत गुणधर्म मोजण्याचे. यंत्राला त्याने आवाज जोडला होता, म्हणजे वायूत फरक पडला की आवाजाची पट्टी बदलावी. पण वायू तोच असताना नुसता हात जवळ नेला तरी पट्टी चढत होती. दुसऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाने ही यंत्रातली खोट समजून दुरुस्त केली असती. थेरेमिन चेलोवाला. त्याने हात पुढे-मागे करत त्या खोटीवर सूर शोधला. हे १९२० साल.

त्या वाद्याची करामत आपल्याला तंबोऱ्यावरून समजेल. जोडाच्या दोन तारा अगदी एकसारख्या लागल्या नसल्या की आवाजात एक लाट उठते, आणि तारा जुळत आल्या की ती मंदावते. ती लाट म्हणजे दोन कंपनांतला फरक. थेरेमिनच्या पेटीत अशा दोन विद्युत कंपनांची जोडी असते, पण ती सेकंदाला काही लाख या वेगाची, म्हणजे कानाला न ऐकू येणारी. एक ठरलेले, दुसरे हाताच्या अंतराने बदलणारे. दोन्हींतला फरक मात्र ऐकू येण्याजोगा असतो, आणि तोच स्वर. पेटीला उजवीकडे एक उभी दांडी; तिच्याजवळ हात नेला की स्वर चढतो. डावीकडे आडवे कडे. त्याच्याजवळ हात नेला की आवाज बारीक होतो. वाद्याला स्पर्श करायचाच नाही. पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत. हात कुठे थांबवायचा हे फक्त कानाने ठरते.

मार्च १९२२ मध्ये त्याला क्रेमलिनमध्ये लेनिनपुढे हे दाखवण्याची संधी मिळाली. लेनिनने स्वतः हात लावून, की न लावून म्हणावे, ग्लिंका या रशियन रचनाकाराची एक चाल वाजवून पाहिली. सुरुवातीला थेरेमिनने त्याचे हात धरले होते, मग सोडून दिले. साऱ्या देशात वीज नेण्याचे स्वप्न पाहणाऱ्या राज्यकर्त्याला विजेवर गाणारे यंत्र मिळाले, मग काय विचारता! थेरेमिन गावोगाव प्रयोग करत फिरला. मधल्या काळात त्याने दूरचे चित्र दाखवणारे यंत्रही केले. १९२७ मध्ये सरकारने त्याला युरोपच्या दौऱ्यावर पाठवले. फ्रँकफर्ट, बर्लिन, लंडन, पॅरिस असे करत वर्षअखेरीस तो अमेरिकेत पोचला.

न्यूयॉर्कमधली दहा वर्षे हा त्याच्या आयुष्याचा भरभराटीचा भाग. १९२८ मध्ये वाद्याचे पेटंट मिळाले. आर. सी. ए. या बड्या कंपनीने हक्क घेतले आणि १९२९ मध्ये वाद्य बाजारात आणले. किंमत १७५ डॉलर. त्यात व्हॉल्व्ह आणि कर्णा धरलेले नाहीत, ते वेगळे. आणि नेमका त्याच वर्षी तिथला शेअरबाजार कोसळला. सुमारे पाचशे नग तयार झाले आणि तिथेच धंदा आटोपला. नुसती मंदी हेच कारण नव्हते. जाहिरातीत हे वाद्य कोणालाही वाजवता येईल असे सांगितले होते, आणि ते साफ खोटे होते. शिट्टी कोणीही वाजवील, गाणे वेगळे.

ते खरोखर वाजवले क्लारा रॉकमोरने. ती लिथुआनियातल्या विल्नियसची, व्हायोलिनवर वाढलेली. पण हाताच्या दुखण्याने व्हायोलिन सुटले होते. ज्या हातांना तार दाबवत नव्हती त्यांना हे न शिवता वाजणारे वाद्य मिळाले. बोटांच्या ठरावीक हालचाली बसवून तिने त्यात स्वरांची अचूकता आणली, आणि थेरेमिननेही तिच्यासाठी वाद्यात सुधारणा केल्या. त्याने तिला लग्नाचेही विचारले होते. तिने दुसऱ्याशी केले. चरित्रलेखक या प्रकरणावर पानेच्या पाने खर्च करतात. मला त्यात फार रस वाटला नाही. मला रस वाटला तो एका गोष्टीत: हे वाद्य आपल्या मींडेला किती जवळचे आहे! पेटीत सा आणि रे यांच्या मधली जागा मिळत नाही, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला तीस वर्षे लागली. थेरेमिनच्या वाद्यात सगळी मधलीच जागा आहे. नेमका सा पकडणे हेच कठीण.

आता किरणाकडे येते, कारण तो याच काळात येतो. हेन्री कॉवेल नावाच्या अमेरिकन रचनाकाराला एकाच वेळी अनेक लयी हव्या होत्या, म्हणजे दोनच्या अंगावर तीन, चार, पाच असे करत सोळापर्यंत. माणसाला ते वाजवणे अशक्य. आपले तबलजी कदाचित हे वाक्य मान्य करणार नाहीत. त्यांनी सोळाही एकदम धरून दाखवावेत. थेरेमिनने त्यासाठी रिदमिकॉन हे यंत्र बांधले, आणि १९३२ च्या आरंभी ते लोकांपुढे आले. त्यात फिरत्या चकत्या, चकत्यांना ठरावीक भोके, एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा विद्युतघट. भोक आले की प्रकाश पोचतो, सरकले की तुटतो. त्या तुटण्या-जुळण्यातून ठोका आणि स्वर.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून तशीच सरांकडे गेले. आमच्या वीणेत आणि या चकत्यांत तत्त्वाने काडीचा फरक नव्हता. तिथे भोक किरण तोडत होते, इथे हात तोडणार. मग किरण किती झगझगीत आहे याला महत्त्व काय? पलीकडच्या घटाला आहे की नाही एवढे कळले म्हणजे झाले. थेरेमिनला साधा दिवा पुरला. लेझर तर १९६० साली मेमनने पहिल्यांदा केला.

सरांना बहुधा याचीच वाट होती. मग त्यांनी वहीवर मांडून दाखवले. हिरवा जास्त प्रखर दिसतो, कारण आपला डोळाच हिरव्याला जास्त दाद देतो. पण किरण पकडायचा आहे तो फोटोट्रान्झिस्टरने, आणि त्यातल्या सिलिकॉनला हिरव्यापेक्षा तांबडा अधिक मानवतो. शिवाय स्वस्तातला हिरवा लेझर मुळात अदृश्य अवरक्त किरणांपासून हिरवा बनवतो, आणि आत गाळणी नीट नसली तर ते अदृश्य किरणही बाहेर पडतात. डोळ्याला न दिसणारे म्हणून अधिक धोक्याचे. गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत लेझरच्या झोतांनी डोळे गेल्याच्या बातम्या आपण २०२३ मध्ये वाचल्याच आहेत. २०२४ मध्ये पुण्यात पोलिसांना बंदी घालावी लागली. झारचे किरण इतके प्रखर असत की तो हातमोजे घालून वाजवी. आमच्या सभागृहात पहिल्या रांगेत प्राचार्य आणि पाहुणे बसणार.

तेव्हा पितळी नळ्याच ठरल्या. ६५० नॅनोमीटरचा तांबडा किरण, ५ मिलीवॅट किंवा त्याहून कमी. पॉइंटरही तोच प्रकाश देतो, पण त्याच्या बटणासारख्या सेलांचा दम तालमीतच संपला असता आणि कळ सारखी दाबून धरावी लागली असती. नळीला दोन वायरी. सातही नळ्या मोबाइलच्या एका जुन्या चार्जरवर चालतात. किरण वरून खाली सोडायचे, म्हणजे वाजवणारीच्या किंवा समोरच्यांच्या डोळ्यांत जाणार नाहीत. खाली प्रत्येक फोटोट्रान्झिस्टरभोवती काळ्या कागदाची नळी, म्हणजे रंगमंचाचे दिवे त्याला फसवणार नाहीत. दुकानात एल. डी. आर. नावाचा आणखी स्वस्त घट मिळतो, पण तो आळशी आहे. किरण तुटल्याचे त्याला उशिरा कळते, आणि जलद तान घेतली की स्वर एकमेकांत चिकटतात. हवेत किरण दिसत नाही, त्यासाठी धूर लागतो. त्याला आम्ही ऊद जाळला. हा शोध आमचा.

हे सगळे ठरल्यावर पुस्तक बाजूला ठेवता आले असते. मी पुढे वाचत राहिले.

न्यूयॉर्कमध्ये आइनस्टाइनसारखी माणसे थेरेमिनच्या कार्यशाळेत येत. नर्तकीच्या हालचालीतून स्वर निघावेत असा मंचही त्याने केला. पण कर्ज वाढत गेले. लॅव्हिनिया विल्यम्स या कृष्णवर्णी नर्तकीशी त्याने लग्न केले, त्यामुळे पुष्कळांनी तोंड फिरवले. १९३८ मध्ये तो एका रशियन जहाजातून मायदेशी गेला. त्याला पळवून नेले असे बरीच वर्षे बोलले जाई; कर्ज आणि जवळ आलेले युद्ध यांमुळे तो आपणहून गेला असावा, असे मला पटते. लॅव्हिनियाला त्याने बरोबर नेले नाही. ती दोघे पुन्हा कधी भेटली नाहीत.

मार्च १९३९ मध्ये त्याला अटक झाली. आठ वर्षांची शिक्षा आणि कोलिमाची छावणी, जिथे थंडीने आणि उपासमारीने माणसे मरत. पुढे त्याला कैदी शास्त्रज्ञांच्या बंदिस्त प्रयोगशाळेत हलवले. विमानांचा तुपोलेव आणि पुढे अवकाशयानांचा झालेला कोरोलेव हेही अशाच प्रयोगशाळेत कैदी होते. अमेरिकेत मात्र थेरेमिन मेला अशीच समजूत पसरली.

या कैदेत त्याने केलेल्या दोन वस्तूंनी माझी झोप उडाली. पहिली सर्वश्रुत आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला रशियन मुलांनी लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. राजदूताने ते आपल्या अभ्यासिकेत टांगले. आत थेरेमिनने केलेले यंत्र होते: बॅटरी नाही, तार नाही, फक्त एक पातळ पडदा आणि छोटी दांडी. बाहेरून रेडिओलहर सोडली की ते जागे होई आणि खोलीतले बोलणे परत पाठवी. सात वर्षे, १९५२ पर्यंत, ते कोणाच्या लक्षात आले नाही.

दुसरी वस्तू बुरान. लांबच्या इमारतीतल्या खिडकीच्या काचेवर अदृश्य अवरक्त किरण सोडायचा. आत कोणी बोलले की काच किंचित थरथरते, आणि परत आलेला किरण ती थरथर घेऊन येतो. त्यातून बोलणे पुन्हा ऐकता येते. आज हे काम लेझरने करतात. १९४७ मध्ये थेरेमिनला स्टालिन पारितोषिक मिळाले, तेही गुप्तपणे, आणि त्याच वर्षी त्याची सुटका झाली. सुटका म्हणजे काय, तर तेच काम आता पगार घेऊन. हेरखात्यात तो १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत राहिला.

मला पहिल्यांदा त्याचा राग आला. ज्याने न शिवता गाणारे वाद्य केले त्यानेच न शिवता कान लावायचे यंत्र करावे! मग वाटले, आठ वर्षांच्या शिक्षेतल्या माणसाला नाही म्हणण्याची मोकळीक किती असते? पण सुटल्यावरही तो जवळजवळ वीस वर्षे तेच करत होता, हेही खरे. सरांशी यावर खूप वाद झाला. त्यांच्या मते तो फक्त यंत्राकडे पाहणारा माणूस होता. कोणासाठी करतो हे त्याने पाहिलेच नाही. मला हे पुरेसे वाटत नाही. कॉवेलच्या लयी ऐकून त्यांना यंत्र देणाऱ्या माणसाला माणसे दिसत नव्हती, असे कसे म्हणावे? आमचे अजून एकमत झालेले नाही.

त्यानंतर तो मॉस्कोच्या संगीत विद्यालयात ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पुन्हा वाद्ये करू लागला. १९६७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या संगीत समीक्षकाला तो तिथे भेटला. मेलेला माणूस जिवंत असल्याचे जगाला कळले, आणि वरिष्ठांनाही कळले की संगीत विद्यालयात विजेची वाद्ये चालली आहेत. त्याला काढून टाकले, वाद्ये मोडून टाकली. जन्मठेपेसारखी वर्षे काढलेल्या माणसाच्या वाट्याला सत्तरीत पुन्हा हे. तो विद्यापीठात साधा तंत्रज्ञ म्हणून लागला आणि तिथे पुन्हा वाद्ये बांधू लागला.

दरम्यान अमेरिकेत त्याचे वाद्य मध्यमवर्गीयांच्या घरात शिरले होते. रॉबर्ट मूग नावाच्या मुलाने १९४९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आत, मासिकातली आकृती पाहून ते घरी बनवले. पुढे १९६१ मध्ये तो सुट्या भागांचा संच पन्नास डॉलरांच्या आत विकू लागला. ज्यांना १७५ डॉलर कधी परवडले नसते त्या पोरांनी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडला. त्या पैशांतून आणि अनुभवातूनच १९६४ मध्ये मूगचा सिंथेसायझर निघाला, म्हणजे आज आपल्या लग्नाच्या वरातीतल्या कीबोर्डाचा आजोबा.

थेरेमिन १९८९ मध्ये फ्रान्सला जाऊ शकला आणि १९९१ मध्ये, पंच्याण्णवीच्या घरात, न्यूयॉर्कला. तिथे त्याने क्लारा रॉकमोरची भेट घेतली. त्या भेटीची चित्रफीत आहे. दोघेही थकलेली, बोलणे थोडे. त्याच वर्षी तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला होता, पक्ष बुडत असताना. ३ नोव्हेंबर १९९३ रोजी मॉस्कोत तो वारला.

आमच्या वीणेचे काय झाले, हे स्नेहसंमेलनाला आलेल्यांना ठाऊक आहे. सात किरणांवर भूप निघाला, कारण भूपाला पाचच स्वर लागतात आणि चूक होण्याची शक्यता कमी. पण तालमीत वडिलांनी ऐकले तेव्हा त्यांची तक्रार आली की ही तर हवेतली पेटी झाली, मींड कुठे आहे? तक्रार रास्त होती. लेझरचा किरण सुतासारखा बारीक. तो एक तर आहे, नाही तर नाही. अर्धा हात ही गोष्ट त्याला कळतच नाही.

शेवटच्या आठवड्यात आम्ही चौकटीच्या उजव्या टोकाला साधा पिवळा दिवा टांगला. त्याच्याखाली तोच आळशी एल. डी. आर. ठेवला आणि ५५५ क्रमांकाच्या आय. सी. ला जोडला. हाताची सावली जसजशी पसरते तसतसा स्वर खाली उतरतो, सलग, मध्ये कुठेही न थांबता. ती आठवी तार सगळ्यांत स्वस्त पडली. ती नीट सुरात लावायला मात्र आम्हांला कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत जमले नाही. त्या रात्री गांधाराच्या थोडा खालीच थांबलेला तो लांब स्वर ज्यांनी ऐकला असेल, त्यांनी हात माझा होता एवढे ध्यानात ठेवावे. दिव्याचा दोष नाही.